जाबता आणि वंशावळ

संग्रहालयातील कपाटात मांडलेल्या शिंपल्यांखाली लॅटिन नावांच्या चिठ्ठ्या लावणे म्हणजेच वर्गीकरण, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. आणि ज्या अर्थी या चिठ्ठ्या दर पिढीला बदलतात, त्या अर्थी हे सारे शास्त्र म्हणजे पंडितांनी आपसांत चालविलेला शब्दांचा खटाटोप होय, असा निष्कर्ष त्या समजुतीतून सहजच निघतो. मला या लेखात याच्या उलट प्रतिपादन करावयाचे आहे. अनेक जातींना एकत्र बांधणारे प्रजातीचे नाव हे त्या प्राण्यांच्या कुळाविषयी केलेले एक विधान असते. विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे ठरू शकते, आणि खोटे ठरलेले विधान मागे घेण्याची तयारी हे शास्त्राच्या सचोटीचे लक्षण होय. हत्ती किंवा व्याघ्र यांचे नाते डोळ्यांना इतके उघड दिसते की त्यांच्या उदाहरणाने या प्रतिपादनाची कसोटी लागत नाही; म्हणून मी स्कॅलॉप या सागरी शिंपल्यांपैकी, ज्यांचे परस्परांशी असलेले साम्य तज्ज्ञांनाही चकविते अशा लहान आकाराच्या प्रजातींचा, आणि त्यांतही विशेषतः आपल्या देशाच्या किनाऱ्यावर आढळणाऱ्या व्होलाक्लॅमिस या प्रजातीचा, दाखला घेतो.

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या उकव्यास बसून समुद्रातील शिंपल्यांचा विचार करणे कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा याच भूमीत सापडतो. बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या सडकेवरील उकव्याची मँगनीजची खाण ज्या खनिजपट्ट्यात आहे, तो पट्टा बालाघाट, भंडारा, नागपूर व छिंदवाडा या जिल्ह्यांतून गेलेला असून, 1956 च्या प्रांतरचनेने त्याचा काही भाग मध्य प्रदेशात आणि काही भाग मराठी मुलुखाबरोबर तत्कालीन मुंबई राज्यात गेला, तरी खडकांनी ती हद्द मानण्याचे अर्थातच कारण नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मर यांनी या पट्ट्याचे जे प्रचंड संशोधन केले, ते 1909 साली त्या खात्याच्या स्मरणिकांच्या सदतिसाव्या खंडात प्रसिद्ध झाले. त्यांनी येथील एका खडकास गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, छिंदवाड्यातील सीतापारवरून एका खनिजास ‘सीतापाराइट’ म्हटले, आणि नागपूर जिल्ह्यातील बेलडोंगरीच्या एका खनिजास आपले सहकारी अर्नेस्ट व्रेडेनबर्ग यांच्यावरून ‘व्रेडेनबर्गाइट’ असे संबोधिले. हे व्रेडेनबर्ग जीवाश्मांचे अभ्यासक होते. सिंध आणि बलुचिस्तान या बाजूच्या तृतीयक कालातील शिंपल्यांचे त्यांनी केलेले वर्णन पुढे 1925 आणि 1928 मध्ये त्याच स्मरणिकांतून ग्रंथरूपाने बाहेर पडले. अशा रीतीने शिंपल्यांच्या एका वर्गीकारकाचे नाव आमच्या शेजारच्या मँगनीजला चिकटले.

या दोन्ही खनिजनामांचे पुढे काय झाले, ते विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. सीतापाराइट हे अमेरिकेतील युटा प्रांतात 1897 साली वर्णिलेल्या बिक्सबाइट या खनिजाहून भिन्न नाही असे सिद्ध झाले, आणि जुने नाव कायम होऊन नवे रद्द झाले. व्रेडेनबर्गाइटची गोष्ट याहून विलक्षण: ते एक खनिजच नव्हते, हौसमॅनाइट आणि जेकबसाइट या दोन खनिजांची सूक्ष्म पट्ट्यांनी एकमेकांत झालेली ती गुंफण होती. दोन्ही ठिकाणी निर्णय देणारा पुरावा मात्र एकाच प्रकारचा होता: पदार्थाची रासायनिक घटना आणि त्याच्या स्फटिकाची अंतर्रचना. खनिजाच्या बाबतीत एवढे पुरते. बालाघाटच्या पट्ट्यातील ब्राउनाइट आणि जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगरातील ब्राउनाइट यांची उत्पत्ती निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या कारणांनी झालेली असली तरी घटना एक आहे म्हणून ते दोन्ही निःशंकपणे ब्राउनाइटच होत; त्यांच्यात काही रक्तसंबंध आहे काय, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. सजीवांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न पहिला आणि अखेरचा असतो. दोन शिंपले घडणीने तंतोतंत सारखे असूनही परके असू शकतात, आणि दिसण्यात विजोड असूनही सख्खे. खनिजांची यादी करणाऱ्याला जे साम्य निर्णायक असते, ते प्राण्यांची वंशावळ लावणाऱ्याला केवळ संशयित साक्षीदाराच्या जबानीइतकेच ग्राह्य असते.

आता त्या शिंपल्यांकडे वळू. शेल या तेलकंपनीच्या बोधचिन्हावर जो पंख्यासारखा पिवळा शिंपला दिसतो, तो स्कॅलॉप. त्याच्या दोन झडपांवर बिजागरीपासून कडेपर्यंत किरणांप्रमाणे कंगोरे पसरलेले असतात, बिजागरीच्या दोन्ही बाजूंस कानांसारखे दोन पसारे असतात, आणि उजव्या झडपेच्या पुढल्या कानाखाली एक खाच असते, जिच्यातून बाहेर आलेल्या रेशमी तंतूंनी प्राणी खडकाला धरून राहतो. इतर बहुतेक शिंपल्यांप्रमाणे तो स्थितिप्रिय नाही. शत्रूची चाहूल लागताच झडपांची उघडझाप करून, पाण्याच्या झोतावर तो पोहत दूर जातो. त्याच्या प्रावरणाच्या कडेवर बारीक नेत्रांची मालिका असते, आणि त्या प्रत्येक नेत्रात भिंगाखेरीज ग्वानीनच्या स्फटिकांचा एक सूक्ष्म आरसा असतो, ज्यावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने प्रतिमा तयार होते. इतकी गुंतागुंतीची दृष्टी मेंदूविरहित म्हणता येईल अशा प्राण्याला लाभावी, ही सृष्टीतील खरोखर थक्क करणारी गोष्ट आहे, आणि ज्या कुलात ती आढळते त्याचा इतिहास जाणून घेण्याची इच्छा होण्यास एवढे एकच कारण पुरेसे आहे. हे पेक्टिनिडी कुल ट्रायासिक कालखंडापासून पृथ्वीवर आहे.

भारतीय किनाऱ्यावरील जी जाती आज व्होलाक्लॅमिस या प्रजातीत ठेवली जाते, तिचे विशेषनाम ‘त्रांकेबारिया’ असे आहे. सुमारे पाच सेंटिमीटरच्या आतबाहेर रुंदी असलेला, रंगाने नाना परींचा हा शिंपला कोरोमंडल किनाऱ्यावरील त्रांकेबार, म्हणजे तरंगमबाडी, या बंदराच्या नावाने ओळखला जातो, आणि त्या बंदराचा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी 1620 साली करार करून डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांनी ते ठाणे मिळविले. पुढे त्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरची गादी व्यंकोजी राजांकडे आली तेव्हा, त्या जागेबद्दल तंजावरच्या धन्यास देणे असलेला वार्षिक भरणा मराठी दरबाराकडे जाऊ लागला. डॅनिश मिशनचे जे पाद्री तेथे राहत, त्यांच्यात निसर्गाची आवड असणारे अनेक होते. 1771 साली तेथे आलेले क्रिस्टॉफ सॅम्युएल योन यांनी मासे, शिंपले व इतर प्राणी गोळा करून युरोपातील विद्वानांकडे रवाना करण्याचे काम कित्येक वर्षे केले. मुंबईच्या बाजारात जी ढोमी विकावयास येते, तिच्या जॉनियस या प्रजातीचे नाव बर्लिनच्या ब्लॉख यांनी 1793 मध्ये त्यांच्यावरूनच ठेविले.

गॉटिंगेनचे योहान फ्रीडरिख ग्मेलिन यांनी लिनियसच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाची तेरावी आवृत्ती वाढवून काढली, तीत 1791 साली हा शिंपला ‘ऑस्ट्रिया त्रांकेबारिया’ या नावाने नोंदला गेला. त्या वेळी तंजावरास अमरसिंह राज्य करीत होते. ऑस्ट्रिया म्हणजे कालवांची प्रजाती; लिनियसने 1758 मध्ये स्कॅलॉप आणि कालव या दोहोंची गणना तीत एकत्र केली होती, आणि डेन्मार्कच्या म्युलरने 1776 साली स्कॅलॉपांसाठी पेक्टेन ही स्वतंत्र प्रजाती स्थापिल्यानंतरही ग्मेलिनने जुनीच वाट सोडली नाही. यात त्यास दोष देण्याचे कारण नाही. त्या पिढीच्या दृष्टीने सृष्टी ही विधात्याने भरलेली कोठी होती, आणि शास्त्रज्ञाचे काम त्या कोठीचा जाबता लिहिण्याचे होते. जाबत्यात भांडी एकीकडे, शस्त्रे एकीकडे, जवाहीर एकीकडे अशी सोयीने मांडणी केली की काम भागते, आणि एखादी वस्तू या कलमाखाली लिहिली काय किंवा त्या कलमाखाली लिहिली काय, वस्तूचे काही बिघडत नाही.

याच्या अवघ्या बारा वर्षांनी, 1803 साली, ग्मेलिनच्या ग्रंथात ज्याच्या बंदराचे नाव आले होते त्याच राज्यात, सरफोजी राजांच्या आज्ञेने बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. सरफोजी राजे पाश्चात्त्य शास्त्रांचेही रसिक होते आणि त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्या शास्त्रांचे ग्रंथ जमा झाले होते. तरी शिंपल्यांच्या नोंदीत आणि भिंतीवरील त्या लेखात काही समान सूत्र आहे, असे त्या काळी त्यांच्या किंवा युरोपातील कोणाही पंडिताच्या ध्यानात येणे शक्य नव्हते. डार्विनचा ग्रंथ 1859 साली प्रसिद्ध झाल्यावर ते सूत्र दिसू लागले. वंशावळीत एक पुरुष चुकीच्या शाखेखाली घातला की तो केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. तेथे असत्य कोरले जाते, वारसा खोटा ठरतो, आणि पुढील सर्व पिढ्यांचा हिशेब बिघडतो. वर्गीकरण जाबत्यातून वंशावळीत गेले, त्या क्षणापासून प्रजातीचे नाव हे सोयीचे कलम न राहता पुराव्याने शाबीत करावयाचे म्हणणे झाले.

मात्र दृष्टी बदलली तरी हाताशी असलेली सामग्री जुन्या जाबत्यांतूनच आलेली होती, आणि स्कॅलॉपांच्या बाबतीत तर तो जाबता अक्षरशः लिलावाचा होता. हॅम्बुर्गच्या बोल्टेन नावाच्या वैद्याच्या मृत्यूनंतर त्याचा शिंपल्यांचा संग्रह विक्रीस निघाला, त्यासाठी रोडिंग यांनी 1798 मध्ये जी यादी छापली, तीत क्लॅमिस आणि ॲम्युझियम ही प्रजातीनामे प्रथम आली आणि आजही ती कायदेशीर आहेत. पुढील शतकभरात, ज्या शिंपल्यास बारीक कंगोरे, एक कान मोठा व एक लहान, असे साधारण रूप असेल, तो क्लॅमिसमध्ये टाकण्याची वहिवाट पडली. उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातील आइसलँडचा शिंपला, जो या प्रजातीचा नमुना मानला जातो, त्याच नावाखाली उष्ण कटिबंधातील डझनावारी जाती आल्या. आपला त्रांकेबारचा शिंपलाही ऑस्ट्रियातून पेक्टेनमध्ये आणि पेक्टेनमधून क्लॅमिसमध्ये आला, आणि कित्येक भारतीय ग्रंथांत ‘क्लॅमिस त्रांकेबारिकस’ अशा किंचित बदललेल्या रूपाने बराच काळ राहिला. मूळ लेखकाने दिलेले वर्णलेखनच प्रमाण धरावयाचे, असा नामकरणाच्या संहितेचा दंडक असल्यामुळे ते रूप मागे पडले.

टॉम इयरडेल यांनी व्होलाक्लॅमिस ही प्रजाती 1939 साली ग्रेट बॅरियर रीफच्या मोहिमेच्या अहवालात स्थापिली. विद्यापीठाचे शिक्षण नसलेला, सिडनीच्या ऑस्ट्रेलियन संग्रहालयात काम करणारा हा मनुष्य विलक्षण नजरेचा होता, आणि नावे ठेवण्याच्या बाबतीत विलक्षण उतावळाही. कित्येकदा दोन ओळींच्या लक्षणावर तो एक प्रजाती उभी करी, आणि पुरावा मांडण्याचा भार पुढील लोकांवर टाकून मोकळा होई. ज्याला आपले म्हणणे वंशाविषयी आहे हे ठाऊक आहे, त्याने पुराव्यावाचून बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्होलाक्लॅमिस टिकली यावरून इयरडेलची पद्धत निर्दोष होती असे ठरत नाही, कारण त्याच पद्धतीने स्थापिलेल्या कितीतरी प्रजाती टिकल्या नाहीत. उलट ‘एवढे बारीक भेद कशाला, सर्वांना क्लॅमिसच म्हणा’ असे म्हणणाऱ्यांची भूमिका जी समंजस भासते, तीही तितकीच उतावळी आहे. भेद न करणे हेदेखील एक विधानच आहे. त्याचा अर्थ हे सर्व एका कुळाचे आहेत असा होतो, आणि त्यालाही पुरावा लागतो.

पुरावा कोणता, याचे उत्तर देताना लहान आकाराचा प्रश्न पुढे येतो. ‘लहान स्कॅलॉप’ असा काही वंश नाही. आकार लहान राहण्याची कारणे अनेक: खोल समुद्रातील अन्नाची टंचाई, अल्प आयुष्य, किंवा बाल्यावस्थेतील ठेवण तशीच ठेवून प्रौढ होणे. या शेवटच्या प्रकारात तर वर्गीकारकाची फारच फसगत होते, कारण सर्वच स्कॅलॉपांची पिल्ले पुष्कळशी एकमेकांसारखी असतात, आणि जो प्रौढपणीही पिल्लासारखा राहिला तो परकीय कुळातील अशाच दुसऱ्या प्राण्यासारखा दिसतो. येल विद्यापीठातील ॲडिसन एमरी व्हेरिल यांनी 1897 मध्ये पेक्टिनिडी कुलाचा पुनर्विचार करताना सायक्लोपेक्टेन ही चिमुकल्या, पातळ, गोलाकार शिंपल्यांची प्रजाती स्थापिली. व्हेरिल हे सावध संशोधक होते. तरी आज सायक्लोपेक्टेन पेक्टिनिडी कुलात नाही. तिची गणना प्रोपीॲम्युसीइडी या निराळ्या कुलात होते.

हा निर्णय ज्या एका अवयवाच्या आधाराने पक्का झाला, त्याचे वर्णन करण्याजोगे आहे. वर उल्लेखिलेल्या खाचेच्या काठाशी खऱ्या स्कॅलॉपांच्या उजव्या झडपेवर बारीक दातांची एक ओळ असते. तंतूंचा जुडगा त्या दातांमधून विभागून बाहेर पडला की लाटांच्या ओढीने शिंपला गरकन फिरत नाही. टिनोलियम या नावाने ओळखली जाणारी ही दंतपंक्ती कित्येक जातींत फक्त बालपणी असते आणि मोठेपणी झिजून वा झाकून जाते. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील थॉमस वॉलर यांनी 1984 साली असे दाखवून दिले की पेक्टिनिडी कुलाची ओळख पटविणारे मर्मलक्षण हेच आहे, आणि ज्यांच्यात ते बालपणीही नसते त्यांना रूपसाम्यावरून या कुलात घेता येत नाही. रंग, आकार, कंगोऱ्यांची संख्या, ही जी लक्षणे सहज नजरेत भरतात, त्यांच्या मानाने हे दात किती क्षुद्र! पण रंग आणि आकार परिस्थितीच्या दाबाने पुन्हा पुन्हा नव्याने घडू शकतात; अमुक पूर्वजापासून चालत आलेली, आणि उपयोग संपल्यावरही बालपणी क्षणभर उमटून जाणारी रचना सहसा दोनदा घडत नाही.

तथापि शिंपल्याच्या कवचावर कितीही बारकाईने नजर ठेवली तरी काही प्रकरणी ते खोटी साक्ष देतेच, याचे प्रत्यंतर 2014 साली आले. रोडिंगच्या यादीतील ॲम्युझियम ही प्रजाती गुळगुळीत, चपट्या, थाळीसारख्या शिंपल्यांची; आपल्या दक्षिण किनाऱ्यावरील ट्रॉलरांच्या जाळ्यात येणारा, एक झडप तांबूस व दुसरी पांढरी असलेला ॲम्युझियम प्ल्यूरोनेक्टेस हा तिचा नमुना. हे प्राणी पाण्यात दूरवर तरंगत जातात, आणि त्यांची चपटी, हलकी, आतून कंगोऱ्यांनी बळकट केलेली घडण त्या तरंगण्यास अनुकूल असते. ऑस्ट्रेलिया आणि जपानकडील दोन जाती रूपाने इतक्या जुळत की त्यांना त्याच प्रजातीत ठेवण्यात कोणास शंका आली नव्हती. डीएनएची तुलना केल्यावर त्या दोघी भिन्न शाखेच्या ठरल्या, आणि त्यांच्यासाठी इलिस्ट्रम ही नवी प्रजाती स्थापावी लागली. तरंगण्याची विद्या या कुलात निरनिराळ्या शाखांनी स्वतंत्रपणे अनेकदा संपादिली आहे, आणि प्रत्येक वेळी सागराने तिला जवळजवळ एकच अंगरखा चढविला आहे. व्रेडेनबर्गाइट आणि जुने ॲम्युझियम यांच्यातला फरक येथे ध्यानात घ्यावा: बेलडोंगरीच्या त्या खनिजाचे दोन घटक सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे दिसले म्हणून ते नाव विरघळले, ॲम्युझियमचे सभासद सूक्ष्मदर्शकाखालीही फारसे वेगळे दिसत नव्हते, त्यांचे पूर्वज वेगळे होते.

यावर एक आक्षेप व्यवहारी माणसाकडून येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. मत्स्यव्यवसाय खात्यातील अधिकाऱ्याला, निर्यातदाराला, महाविद्यालयात शिकविणाऱ्याला नावे स्थिर हवी असतात. आज क्लॅमिस, उद्या व्होलाक्लॅमिस, परवा आणखी काही, अशाने शंभर वर्षांच्या नोंदी परस्परांशी जुळवायच्या कशा? याचे उत्तर नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत मोठ्या दूरदृष्टीने दिलेले आहे. जातीचे विशेषनाम 1 जानेवारी 1758 नंतर ज्याने प्रथम रीतसर दिले त्याचेच कायम राहते; प्रजाती फुटली तर जुने नाव तिच्या नमुना-जातीबरोबर जाते आणि बाकीच्यांनी दुसरे घर पाहावयाचे; आणि जाती एका प्रजातीतून दुसरीत गेली असेल तर मूळ लेखकाचे नाव कंसात लिहावयाचे. म्हणून आज व्होलाक्लॅमिस त्रांकेबारियापुढे ग्मेलिनचे नाव आणि 1791 हे साल कंसात येतात, आणि त्या दोन लहानशा वक्ररेषांवरून जाणत्या वाचकास कळते की हा शिंपला पूर्वी दुसऱ्या घरी होता. ‘त्रांकेबारिया’ हा त्याचा दाखला सव्वादोनशे वर्षांत हललेला नाही. बदलले ते त्याच्या नात्याविषयीचे आपले म्हणणे. ओळख स्थिर आणि नाते पुराव्याधीन, अशी ही व्यवस्था आहे, आणि व्यवहार व सत्य या दोहोंचा मान राखणारी याहून चांगली तोड मला तरी दिसत नाही.

दुसरा आक्षेप अगदी उलट दिशेने, प्रयोगशाळेतून, येतो: डीएनए हाच निर्णायक साक्षीदार असेल तर कवचांच्या कंगोऱ्यांवर आणि दातांवर दृष्टी शिणविण्याचे आता प्रयोजन काय? हे म्हणणारे विसरतात की स्कॅलॉपांचा इतिहास मुख्यतः खडकांत आहे. व्रेडेनबर्ग यांनी ज्या सिंध-बलुचिस्तानच्या शिंपल्यांचे वर्णन केले, त्यांच्यात डीएनएचा लवलेशही उरलेला नाही. कवच हीच त्यांची एकमेव साक्ष. जिवंत जातींमध्ये कोणते लक्षण वंशाशी इमान राखते आणि कोणते राखीत नाही, हे डीएनएच्या साहाय्याने पडताळून घ्यावे, आणि मग त्या पडताळलेल्या लक्षणांनी मृतांची जबानी वाचावी, असा क्रम आहे. एकाने दुसऱ्याला हद्दपार करण्याचा येथे प्रश्नच नाही.

राहता राहिला आपल्याकडील अनास्थेचा प्रश्न. मुंबईच्या शिंपल्यांची पहिली मोठी यादी 1893 साली मेलव्हिल आणि ॲबरक्रॉम्बी यांनी केली आणि ती मँचेस्टरच्या एका संस्थेच्या नियतकालिकात छापली गेली. स्वतंत्र भारतात मुंबई विद्यापीठातील संशोधकांनी ते काम पुन्हा हाती घेतले, आणि कलकत्त्यास 1916 साली स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याने सबंध देशासाठी ते चालविले. तरी यादी पुष्कळ, पण नाते सांगणारे संशोधन त्या मानाने थोडे, ही वस्तुस्थिती आहे. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय 1863 पासून उभे आहे. आमच्या बाजूच्या शाळांतील मुले तेथे सहलीला जातात आणि आपल्याच खाणींतले दगड काचेआड पाहून हरखतात. त्या दगडाखाली खाणीचे नाव असते, कारण मँगनीजच्या खडकाला ठिकाण नसेल तर त्याची किंमत अर्धी होते हे खाणवाल्यांना पक्के ठाऊक आहे. शिंपल्यांच्या बाबतीत ही दक्षता महाविद्यालयांच्या संग्रहांत अनेकदा दिसत नाही: किनारा कोणता, खोली किती, कोणत्या महिन्यात सापडला, याची नोंद नसलेली रिकामी कवचे कापसावर मांडलेली असतात आणि मांस फेकून दिलेले असते. अशा कवचावरून जाबता होईल. वंशावळ होणार नाही. तरंगमबाडीच्या, तसेच रत्नागिरी-मालवणच्या, कोळ्यांच्या जाळ्यांतून काढलेले ताजे नमुने मद्यार्कात जपून, ठिकाण, खोली आणि तारीख यांसह, मुंबई, गोवे आणि चेन्नई येथील निदान एकेका संस्थेत ठेवले जातील, तेव्हा व्होलाक्लॅमिसचे पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यावरील शिंपले एकाच जातीचे आहेत की रूपसाम्याखाली दोन वंश दडले आहेत, हे आपल्याच प्रयोगशाळांत तपासता येईल.